जुना कॉफी रोस्टर: थंड असताना घेऊ नका, थंड करून विकू नका



या आठवड्याचा व्हिडिओ सेकंड हँड मशिनरीवर होता. त्यात कॉफी रोस्टरला मी जेमतेम चार मिनिटं दिली, कारण आपल्या चॅनलवर बहुतेक लोक मसाल्याचे पल्व्हरायझर, तेलघाणा, पिठाची गिरणी आणि बेकरी ओव्हनवाले आहेत. पण रोस्टरचा व्यवहार या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. माझ्या बॅचमधल्या पाच-सहा जणांनी गेल्या वर्षभरात तो केला, किंवा करता करता थांबले. म्हणून इथं सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. रोस्टर पेटवून, गरम करून, त्यावर कॉफी भाजून बघितल्याशिवाय त्याच्या किमतीवर बोलूच नका, मग तो कितीही स्वस्त मिळत असो. आणि तुम्ही विकणारे असाल तर दुकान बंद करून, मशीन कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये ढकलून, मग गिऱ्हाईक शोधायला निघू नका. त्यावर रोजची कॉफी भाजली जात असतानाच ते विकायला काढा. गिरणी थंड असतानाही हाताने फिरवून बरीच कळते. रोस्टरचे गुण-दोष मात्र दोनशे अंशांच्या आसपास बाहेर पडतात.

आता हे मशीन एवढे विकायला का निघालेत तेही बघा. आपल्याकडे कॉफी म्हणजे जायफळ घातलेली दुधाची कॉफी, तीही पाहुणे आले की. त्यातून पुणे-मुंबई सोडा, कोल्हापूर-सांगलीतही स्वतः भाजून विकणारे लोक उभे राहिले, हे चांगलंच झालं. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली, १९७७ चा उच्चांक तर त्याआधीच मोडला होता. त्याचा चटका चिकमगळूर आणि कूर्गच्या मालालाही बसला. ग्रीन, म्हणजे कच्ची कॉफी महागली, पण पाकिटाचा भाव त्या वेगाने वाढवता येत नाही, गिऱ्हाईक समोर उभं असतं. ज्यांच्याकडे खेळतं भांडवल कमी होतं ते अडकले. त्यामुळे आज विकणाऱ्यांमध्ये फसवणारे कमी आणि अडचणीत आलेले जास्त आहेत. हे लक्षात ठेवून बोला. भाव करा, पण समोरच्याची चेष्टा करू नका.

पंधरा किलोचा मोह

"मॅडम, पाच किलोचा साडेचार लाखांना आहे आणि पंधरा किलोचा साडेसहा लाखांना. दोन लाखांत तिप्पट मशीन. सोडायचं का?" हा प्रश्न मला बॅचमध्ये एका मुलाने विचारला. वडिलांची एफडी मोडायची तयारी होती. मी म्हटलं, आधी सांग, महिन्याला किती विकशील? म्हणाला, सुरुवातीला साठ किलो.

चला, गणित करू. रोस्टरवर जी किलोची संख्या लिहिलेली असते ती पूर्ण क्षमता. रोज नीट भाजायचं तर त्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास भरा. म्हणजे पाच किलोच्या मशीनमध्ये ४ किलो. भाजताना ओलावा आणि साल जाऊन साधारण १५ टक्के वजन घटतं, तर हातात आली ३.४ किलो. तासाला तीन बॅच धरा. दिवसाला साडेतीन तास मशीन चालवलं तर दहा बॅच, ३४ किलो. आठवड्यातले दोनच दिवस भाजलंत तरी महिन्याला अडीचशे किलोच्या वर जाता. साठ किलो विकणाऱ्याला पाच किलोचं मशीनसुद्धा मोठंच आहे!

आता पंधरा किलोचं बघा. १२ किलो भरले तर १० किलोच्या वर कॉफी एका बॅचला. साठ किलो म्हणजे महिन्यात सहा बॅच. दोन तासांत महिन्याचं काम संपलं. पण तुमच्याकडे चार प्रकार असतील तर एकेका प्रकाराचे दहा किलो एकदम भाजून ठेवणार, आणि तो प्रकार महिन्याला पंधरा किलो खपतो. म्हणजे शेवटचं पाकीट जाईपर्यंत तीन आठवडे उलटणार. ताजी भाजलेली कॉफी हेच तर तुम्ही पाटीवर लिहिलंय.

"मग त्यात चारच किलो टाकू," असं तो म्हणाला. टाकता येतात, पण फार कमी माल टाकला की तापमान मोजणारा प्रोब बियांमध्ये नीट बुडत नाही. तो बियांचं कमी आणि गरम हवेचं जास्त सांगायला लागतो. तुम्ही स्क्रीनवरचा आकडा बघून भाजता आणि आकडाच खोटा असतो.

शिवाय नवीन मशीन हाताला बसेपर्यंत माल बिघडतो. दहा बॅच धरा. ग्रीन कॉफी समजा ६०० रुपये किलो. पाच किलोच्या मशीनवर चार किलोप्रमाणे २४,००० रुपयांचं शिक्षण. पंधरा किलोच्या मशीनवर तेच ७२,०००. हे पैसे कुणाच्याच कोटेशनमध्ये नसतात.

त्या मुलाने पंधरा किलोचा सोडला. पाच किलोचाही घेतला नाही अजून, दुसऱ्याच्या मशीनवर भाडं देऊन भाजतोय. मला तर हेच जास्त आवडलं. महिन्याला शंभर किलोपर्यंत जॉबवर्क करून भाजून घ्या, मशीनचा विचार नंतर.

बघायला जाल तेव्हा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करा आणि सांगा, मी येईपर्यंत मशीन पेटवू नका. पोचलात की पहिल्यांदा ड्रमच्या समोरच्या प्लेटजवळ हात नेऊन बघा. आधीच गरम असेल तर का, ते विचारा. जुनी गाडी घेताना इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघतो ना, तेच.

थंड असताना करायचं काम छोटं आहे. मेन स्विच बंद करायला लावा आणि मागच्या बाजूने ड्रमचा शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय. समोरची प्लेट आणि ड्रम यांच्यातली फट फिलर गेजने चारही बाजूंनी मोजा, बरोबर एखादा फिटर असेल तर उत्तम. एका बाजूला फट जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर ड्रम वाकलाय किंवा बसलाय. फट फार मोठी असली की त्यात बिया अडकून तुटतात. फार कमी असली की लोखंड तापून फुगल्यावर ड्रम प्लेटला घासतो. थंडपणी मशीन एकदम गुळगुळीत फिरतं आणि चाळीस मिनिटांनी खर्र-खर्र सुरू होतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. म्हणून म्हणते, गरम करा.

मग पेटवायला सांगा. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती ज्योत म्हणजे हवा-गॅसचं मिश्रण बिघडलंय किंवा बर्नर काजळलाय. विकणाऱ्याच्याच माणसाला, तुम्ही नाही, चालू बर्नरचा हातातला गॅस व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. ज्योत विझल्यावर काही सेकंदांत सोलेनॉइड बंद झाल्याचा 'टक' आवाज यायला हवा आणि पॅनेलवर फॉल्ट दिसायला हवा. हे होत नसेल, किंवा कुणीतरी तो सेन्सर बायपास करून ठेवला असेल, तर मी पुढे बोलतच नाही. विझलेल्या बर्नरमधून गॅस येत राहणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आणि ज्याने हा सेन्सर बायपास केला त्याने अजून काय काय बायपास केलंय, कुणास ठाऊक.

अर्धा-पाऊण तास मशीन तापू द्या. मग एकाच प्रकारची ग्रीन, एकाच वजनाने, एकाच तापमानाला टाकून लागोपाठ तीन बॅच भाजून घ्या. एक बॅच बघून "छान आहे" म्हणत परत येणारे खूप. पहिली बॅच कुणाचीही बरी येते. बी टाकल्यावर तापमान किती खाली जाऊन परत चढायला लागतं आणि फर्स्ट क्रॅक, म्हणजे बी तडतडायला, कितव्या मिनिटाला आणि कुठल्या तापमानाला लागते, हे तिन्ही वेळा लिहून ठेवा. क्रॅक साधारण १९५ ते २०५ अंशांमध्ये दिसते, पण प्रोब कुठं बसवलाय त्यावर आकडा मशीनगणिक बदलतो, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्याशी तुलना नको. तीन बॅच एकमेकींशी जुळतात का ते बघा. तिसरी बॅच मिनिट-दीड मिनिटाने पुढे-मागे होत असेल तर गॅस प्रेशर, हवा किंवा प्रोब यांपैकी काहीतरी हातात नाहीये.

कूलिंग ट्रेमध्ये कॉफी पडली की घड्याळ लावा. चार-पाच मिनिटांत बी हाताला कोमट लागली पाहिजे. आठ-दहा मिनिटं लागली तर ट्रेची भोकं बुजलीत किंवा ब्लोअर दमलाय. या वेळात बी आतून भाजतच राहते आणि तुमची मीडियम रोस्ट गडद होऊन बसते. ड्रमच्या तोंडातून धूर खोलीत येत असेल तर डक्टमध्ये किंवा सायक्लोनमध्ये साल आणि तेल साचलंय. हा फक्त सफाईचा विषय नाही. रोस्टरीत आगी लागतात त्या बऱ्याचदा याच चाफ आणि तेलाच्या थराला. सायक्लोनची टाकी उघडून दाखवा म्हणा. सफाईची सवय आहे की नाही ते तिथं एका नजरेत कळतं.

आणखी एक चाचणी आपल्याकडे फार गरजेची आहे, परदेशी व्हिडिओत ती कुणी दाखवत नाही. भर बॅचमध्ये लाईट गेली तर? गॅस आपोआप बंद व्हायला हवा, ते ठीक. पण ड्रम थांबला, आत चार किलो बी दोनशे अंशांवर, आणि लोखंड अजून तापलेलं. हाताने दार उघडून माल बाहेर काढता येतो का? दार हवेच्या दाबावर चालणारं असेल तर कॉम्प्रेसर बंद पडल्यावर ते उघडतं का? कुठल्याही रोस्टरला मी जनरेटर किंवा निदान ड्रम आणि ब्लोअर दहा मिनिटं खेचेल एवढा बॅकअप ठेवायला सांगते. महावितरणवर माझा राग नाही, पण विश्वासही नाही.

कुठल्या कंपनीचा घ्यावा

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला तो सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. जर्मनीचा प्रोबॅट १८६८ पासूनचा, त्याचं जुनं बीडाचं मशीन चांगल्या अवस्थेत मिळालं तर नशीब समजा. हॉलंडचा गीझन, तुर्कस्तानचे टोपर आणि हास गारांती, चीनमधली ढीगभर नावं, आणि दक्षिणेतल्या कॉफी वर्क्समध्ये वर्षानुवर्षं चालणारे आपले देशी ड्रम. मला विचाराल तर पहिलं मशीन साधं घ्या. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलात की संध्याकाळपर्यंत बेअरिंग हातात. शाफ्ट झिजलाय, लेथवर नवा करून मिळतो. बेल्ट, मोटर, थर्मोकपल, सगळं बाजारातलं.

अडतं कुठं, तर टचस्क्रीन आणि पीएलसीत. कंट्रोल बोर्ड कंपनीचाच लागतो, कंपनीचा डीलर दोन वर्षांपूर्वी बदललाय, आणि प्रोग्रॅमचा पासवर्ड पहिल्या मालकाने बसवून घेतलेल्या इंजिनीअरकडे. तो इंजिनीअर आता दुबईला. पासवर्ड, वायरिंग डायग्रॅम आणि मॅन्युअल मिळत नसेल तर असं मशीन मी साध्या मशीनच्या भावातच धरते, स्क्रीन कितीही मोठी असू दे.

परदेशातून जुनं मशीन मागवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. कस्टम्समध्ये जुन्या मशीनच्या किमतीसाठी चार्टर्ड इंजिनीअरचं सर्टिफिकेट लागतं, तो खर्च आणि वेळ धरा. आणि अमेरिका, कोरिया किंवा तैवानचं मशीन असेल तर तिकडे वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५०. तीच मोटर इथं सुमारे १७ टक्के हळू फिरते. ड्रम हळू, ब्लोअर हळू, म्हणजे आधीच्या मालकाचे सगळे रोस्ट प्रोफाइल रद्दी. व्हीएफडी बसवून त्यातलं बरंच सावरता येतं, पण व्होल्टेजसुद्धा जुळावं लागतं. इलेक्ट्रिशियनला नेमप्लेटचा फोटो आधी पाठवा.

गॅसचंही तसंच. विकणारा पुण्यात पाइप गॅसवर चालवत असेल आणि तुम्ही १९ किलोचे कमर्शियल सिलिंडर लावणार असाल, तर बर्नरचे जेट बदलावे लागतात आणि रेग्युलेटरही. जुळवून घेईल, असं म्हणणाऱ्या फिटरला चहा पाजा आणि दुसरा फिटर बघा.

साडेसहा लाख म्हणजे किती?

त्याच पंधरा किलोच्या मशीनचा हिशेब मी फळ्यावर मांडला होता, तो इथं देते. आकडे अंदाजी आहेत, तुमच्या गावानुसार बदलतील.

मशीन ६,५०,०००. हायड्रा, ट्रक, दोन्हीकडची चढ-उतर ४५,०००. नवा डक्ट आणि चिमणी ६०,०००. गॅसची लाइन, मॅनिफोल्ड, रेग्युलेटर ४०,०००. थ्री फेजचं पॅनेल आणि व्हीएफडी ३०,०००. बेअरिंग, बेल्ट, प्रोब २५,०००. शिकण्यात जाणारी कॉफी ७२,०००. बेरीज ९,२२,०००, जीएसटी वेगळा. मशीनच्या भावावर चाळीस टक्क्यांहून जास्त, आणि यात एकही चैनीची गोष्ट नाही.

डक्ट नवाच का, असं विचारतात. जुन्या डक्टमध्ये आतून तेलाचा थर असतो आणि त्याची वळणं विकणाऱ्याच्या भिंतीप्रमाणे असतात, तुमच्या नाही. जितकी वळणं जास्त तितका ओढा कमी. आणि चिमणीचं तोंड शेजारच्या गॅलरीकडे असेल तर दुकान उघडायच्या आधी तक्रार महापालिकेत पोचते. भाजलेल्या कॉफीचा वास सगळ्यांना आवडतो हा गैरसमज आहे. पाकिटातला आवडतो, चिमणीतला धूर जळक्या गवतासारखा लागतो.

कागद

मशीन बँकेच्या कर्जावर घेतलेलं असेल तर ते बँकेकडे तारण असतं. मालकाने तुम्हाला विकलं तरी बँकेचा हक्क सुटत नाही. म्हणून मूळ बिल बघा, कर्ज होतं का ते थेट विचारा, आणि असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. तारणांची सेरसाय नावाची केंद्रीय नोंदणी आहे, थोडी फी भरून तिथं शोध घेता येतो. पीएमएफएमई योजनेतलं मशीन असेल तर आणखी जपून. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान असतं, आणि ती रक्कम ३ वर्षं बँकेत वेगळी धरून ठेवतात. मधेच मशीन विकायचं तर विकणाऱ्याने बँकेशी बोलूनच विकलं पाहिजे.

"बिल नको, थोडं कमी करा" हे वाक्य दोन्ही बाजूंनी येतं. मी सरळ नाही म्हणते. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि बिल नसेल तर तुम्हाला ना घसारा मिळतो, ना इन्शुरन्सवाला दारात उभा राहतो. गॅस आणि आगीच्या धंद्यात इन्शुरन्स नसणं परवडत नाही.

विकणाऱ्यांसाठी जीएसटीची एक खाच आहे, ती बऱ्याच जणांना सौदा झाल्यावर कळते. मशीन घेताना इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर विकताना दोन रकमांपैकी जी मोठी ती भरावी लागते: उरलेलं क्रेडिट, किंवा विक्रीच्या किमतीवरचा जीएसटी. क्रेडिट दर तिमाहीला ५ टक्क्यांनी कमी धरतात. समजा १० लाखांच्या मशीनवर १८ टक्क्यांनी १,८०,००० क्रेडिट घेतलं आणि दोन वर्षांनी ५ लाखांना विकलं. आठ तिमाह्यांचे ४० टक्के गेले, उरले १,०८,०००. विक्रीवरचा जीएसटी ९०,०००. भरायचे १,०८,०००. गिऱ्हाइकाकडून ९०,००० मिळाले, १८,००० खिशातून. भाव सांगायच्या आधी सीएकडे जा, नंतर नाही.

विकणाऱ्यांनो, तुमच्यासाठी

आता ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला बसले तो. आपली माणसं मशीन चालू असताना विकायला काढत नाहीत, कारण लोकांना कळेल. सासरच्यांना, दुकानमालकाला, समोरच्या बेकरीवाल्याला. धंदा बसतोय हे कुणाला दिसू नये म्हणून आधी शटर खाली ओढायचं, मशीन हलवायचं, आणि मग गुपचूप चार लोकांना फोन करायचे.

सांगलीकडचं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. त्यांनी मार्चमध्ये कॅफे बंद केला. तेव्हा एक जण पाच लाख द्यायला तयार होता, पण त्याला मशीन चालताना बघायचं होतं आणि यांनी गॅस-लाइन आधीच काढून टाकली होती. मशीन मामांच्या शेडमध्ये गेलं. मग पाऊस. ऑक्टोबरमध्ये उघडलं तेव्हा ड्रमला आतून गंज, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, सायक्लोनमधली साल ओलाव्याने घट्ट बसलेली. शेवटी एक लाख ऐंशी हजारांना गेलं. त्या ताई हिशेबाला पक्क्या आहेत, मेहनती आहेत. पण त्या तीन लाख वीस हजारांत त्यांचं उरलेलं कर्ज फिटलं असतं. आज तो हप्ता त्या शिकवण्या घेऊन भरतायत.

दुसरीकडे बेळगावचे एक गृहस्थ. त्यांनी सरळ आपल्या घाऊक गिऱ्हाइकांना सांगितलं की मी दोन महिन्यांनी थांबतोय, मशीन विकायचंय. प्रत्येक बॅचची नोंद आर्टिझन या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली. ग्रीस कधी घातलं, डक्ट कधी साफ केला, त्याची वही. बघायला येणाऱ्याला म्हणायचे, मंगळवारी या, त्या दिवशी भाजतो. अकरा दिवसांत मशीन गेलं, जवळजवळ सांगितलेल्या भावाला. घेणाऱ्याला त्यांनी दोन दिवस शिकवलं, शिवाय दोन घाऊक गिऱ्हाइकंही जोडून दिली. त्या गिऱ्हाइकांचा वेगळा पैसा घेतला असता तरी चाललं असतं, असं माझं मत. त्यांना ते पटलं नाही.

लोकांना कळण्याची किंमत किती, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते ती तीन लाख वीस हजार नाही.

सौद्याची रीत मी अशी सुचवते: १० टक्के टोकन, ७० टक्के मशीन ट्रकवर चढताना, २० टक्के नव्या जागी पहिल्या तीन बॅच भाजून झाल्यावर. विकणारे या शेवटच्या वीस टक्क्यांवर चिडतात आणि त्यांचं चुकत नाही. घेणाऱ्याने डक्ट वाकडा बांधला तर दोष मशीनचा कसा? म्हणून कागदावर मुदत घाला: मशीन पोचल्यापासून २१ दिवसांत जोडणी केली नाही तर उरलेले पैसे द्यायचेच. आणि उतरवण्याआधी दोघांनी मिळून चालत्या मशीनचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी, प्रत्येक जोडाचा फोटो. हा अर्धा दिवस वाचवणारे लोक नंतर चार दिवस फोनवर भांडतात.

चाचणीला जाताना ग्रीन कॉफी स्वतःची न्या. पाच किलोचं मशीन असेल तर बारा किलो, तीन बॅचपुरती. विकणाऱ्याच्या मालावर चाचणी घेऊ नका, त्याला तो पाठ असतो. तिन्ही बॅचमधली शंभर-शंभर ग्रॅम वेगळ्या पिशव्यांत घाला, नंबर टाका, घरी आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या कुणाला तरी कुठली पिशवी कितवी ते न सांगता तिन्ही प्यायला द्या. टोकनचा फोन त्यानंतर करा.

पुढच्या आठवड्यात ग्राइंडर घेतोय, जुने आणि नवे दोन्ही.